कोडिंग शिकणं आणि शिष्यवृत्ती शोधणं : आर्णी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीतल्या नोंदी

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दिवसभर दाखले, नमुना ८, घरकुलाचे फोटो हेच चालतं. साडेपाचनंतर खोली रिकामी असते, म्हणून मे महिन्यात सरपंचांना विचारलं, मुलांना संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसू देऊ का? म्हणाले, "बसू द्या, पण लाइटबिल वाढलं तं मले सांगू नका."

पाच मुलं आली. मुलं लहान आहेत, नावं लिहीत नाही. आठवीतला एक, दहावीतल्या दोघी, बारावी सायन्स झालेला एक आणि बारावीनंतर इंजिनिअरिंगला लागू पाहणारी एक. कोडिंगच्या नोंदींत शिष्यवृत्ती का आली, तर पहिल्याच दिवशी आठवीतल्याच्या आईनं विचारलं, "हे शिकून फी भरता येते का, ताई?" तेव्हापासून दोन्ही कामं एकाच वहीत लिहिते आहे.

सामान : पंचायतीचा विंडोज १० चा कॉम्प्युटर, शाळेच्या अडगळीतून आणलेला एक जुना कॉम्प्युटर (विंडोज ७, ३२ बिट, २ जीबी रॅम), आणि मुलांच्या बापांचे फोन, जे दिवसभर बापांसोबत वावरात असतात.

१२ जून २०२४

जुना कॉम्प्युटर सुरू झाला, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक पानावर 'तुमचे कनेक्शन खासगी नाही'. मी दोन संध्याकाळी केबल काढ-घाल केली, राउटर बंद-चालू केला, फायबरवाल्याला फोन करून त्याच्याशी वाजवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दहावीतलीनं खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं : तारीख २००९ ची होती. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला, त्यामुळे लाइन गेली की घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. आर्णीच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, ४० रुपये. फायबरवाल्याची माफी अजून मागितलेली नाही.

१५ जून

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. फायरफॉक्सची ११५ ही लांब मुदतीची आवृत्ती चालली, तीच ठेवली.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नवीन इन्स्टॉलर टाकलं तर अमुक डीएलएल फाइल सापडत नाही म्हणून थांबलं. इथे मी मूर्खपणा केला. त्या फाइलचं नाव गूगलवर टाकलं, पहिल्या साइटवरून ती फाइल उतरवली आणि सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकली. पायथन तर चालला नाहीच, उलट ब्राउझर उघडला की रमीच्या जाहिराती यायला लागल्या. अख्खा दिवस साफसफाईत गेला. खरं कारण साधं होतं : पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. ३.८ ची ३२ बिट आवृत्ती टाकली आणि पाच मिनिटांत काम झालं. जुना कॉम्प्युटर असेल तर नवीनच्या मागे लागू नका आणि डीएलएल कुठूनही उतरवू नका.

विंडोजऐवजी लिनक्स टाकून बघ असं माझ्या मावसभावाचं मत होतं. एक संध्याकाळ दिली. वायफायचा डोंगल ओळखला गेला नाही, तो विषय तिथेच सोडला.

१९ जून

फोनवरचं एक कोडिंग ॲप पाचही जणांनी घेतलं. दिसायला छान, एक धडा दोन मिनिटांचा. पण चुकलं की बदाम कमी होतात, आणि सगळे संपले की थांबा नाहीतर पैसे भरा. आठवीतल्याचे बदाम दहा मिनिटांत संपले आणि तो कंचे खेळायला गेला. शिकताना चुकायचंच असतं, आणि हे ॲप चुकण्याचेच पैसे मागतं. शिवाय सगळं पर्याय निवडण्याचं. दहावीतलीनं पंचवीस धडे केले, मग मी कोऱ्या पानावर एक ओळ लिहायला सांगितली, तर ती माझ्याकडेच बघत बसली. आठवड्यात ॲप काढून टाकलं.

२४ जून

पंचायतीच्या कॉम्प्युटरवर फ्रीकोडकॅम्प. २०१४ पासून चालू असलेली ना-नफा साइट, सगळं फुकट, प्रमाणपत्रसुद्धा. सूचना, कोड लिहायची जागा आणि त्याचं दिसणारं पान, सगळं एकाच पडद्यावर. वेब डिझाइनच्या सुरुवातीला मांजरांच्या फोटोंचं पान बनवून घेतात. दोघी दहावीतल्या त्यात रमल्या.

अडचण इंग्रजीची. बारावीवाला वाचतो, दहावीतल्या एकेक ओळीला अडतात. मी शहाणपणा करून ब्राउझरमधलं मराठी भाषांतर चालू केलं. त्यानं सूचनेतल्या 'हेड' या कोडच्या शब्दाचं 'डोके' केलं आणि 'बॉडी'चं 'शरीर'. तिनं प्रामाणिकपणे कंसात 'शरीर' लिहिलं आणि पान का दिसत नाही म्हणून अर्धा तास हैराण झाली. भाषांतर बंद केलं. त्याऐवजी एक वही केली : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तिच्या भाषेत तो काय करतो. 'नेस्ट' समोर तिनं लिहिलंय, 'डब्यात डबा'. वहीत आज ६० शब्द आहेत आणि तेवढ्यावर ती निम्मी पानं वाचते.

३ जुलै

आजपासून रिचार्ज महागला. २३९ वाला २९९ चा झाला. दोन घरांनी फोनवरचा नेट बंद करून नुसतं बोलण्यापुरतं रिचार्ज मारलं. आणि माझी खोली संध्याकाळीही रिकामी नाही : लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झालेत. सकाळी सातला बायका ओट्यावर बसलेल्या असतात.

२२ जुलै

तीन आठवडे शून्य काम. सेतूवर उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी एवढी झुंबड की तहसीलचं सर्व्हर दिवसा उघडतच नाही. मी रात्री अकराला फॉर्म भरते.

दरम्यान ८ जुलैचा शासन निर्णय आला : मुलींच्या व्यावसायिक उच्च शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. आमची इंजिनिअरिंगवाली यात बसते. आनंदानं कागद काढायला बसलो तर तिचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चलाच संपलेला. एप्रिल-मेमध्ये काढला असता तर आठ दिवसांत मिळाला असता, कारण तेव्हा सेतूवर माशा मारत बसलेले असतात. आता ती लाडक्या बहिणींच्या रांगेत.

या वहीतून एकच ओळ उचलायची असेल तर ही उचला : एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला की उत्पन्नाचा दाखला काढा. शिष्यवृत्ती नंतर शोधा.

१८ ऑगस्ट

लाडकी बहीणचे पहिले ३,००० रुपये राखीपौर्णिमेच्या आधी जमा झाले. निम्म्या बायका पासबुक घेऊन माझ्याकडे : "आमचे नाई आले." आले होते, पण फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारला जोडलेल्या खात्यात. एकीचे पैसे दहा वर्षांपूर्वी बचत गटासाठी उघडलेल्या खात्यात सापडले. ते पासबुक उंदरांनी कधीच खाल्लेलं.

त्यावरून डोक्यात प्रकाश पडला. महाडीबीटी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल, त्याचे पैसेही असेच आधारमागे जातात. पाचही मुलांचं आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' तपासलं. तिघांचं कुठल्याच खात्याला जोडलेलं नाही. दोघांच्या आधारला बापाचा जुना, बंद पडलेला नंबर, म्हणजे ओटीपीच येणार नाही. आधी आर्णीला जाऊन नंबर बदलला, मग पोस्टमन काकांनी घरी येऊन पोस्ट पेमेंट बँकेची खाती उघडली. तीन खेपा, एसटीचं भाडं आणि एका बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली. फॉर्म भरण्याआधी हे तपासा. फॉर्म मंजूर होऊन पैसे लटकले की कॉलेज बँकेकडे पाठवतं आणि बँक कॉलेजकडे.

५ सप्टेंबर

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून पाऊस कोसळला. बैल सजवले ते गोठ्यातच. नाल्याकाठची फायबर वाहून गेली, तीन दिवस लाइनही नाही. लाइन आली ती एवढ्या जोरात की जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जळला, ६५० रुपये. नेट आज पाचव्या दिवशीही नाही.

याच दिवसांत कोणतं साधन आपलं आणि कोणतं पाहुणं ते कळलं. फ्रीकोडकॅम्प बंद. बारावीवाला हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रामिंगचा कोर्स बघत होता, तोही बंद. तसाही एकेक व्हिडिओ जवळपास दोन तासांचा, दिवसाचा दीड जीबी तिथेच संपायचा. शिकवणं मात्र अव्वल आहे, ज्याला इंग्रजी झेपतं आणि ज्याच्या घरी नेट आहे त्यानं सोडू नये.

चालू राहिल्या तीन गोष्टी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले व्हिडिओ, जे मी जूनमध्ये सहज म्हणून ३८० रुपयांच्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले होते. एकेक दहा-बारा मिनिटांचा, आणि बनवलेत असे की एका बाजूला व्हिडिओ थांबवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचं. सी आणि सी++ मराठीतून ऐकताना आठवीतला म्हणाला, "हा तं आपल्यासारखाच बोलून राह्यला." दुसरं, थॉनी. नवशिक्यांसाठीचा पायथन एडिटर, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला. एकेक ओळ थांबवून चालवता येते आणि कोणत्या नावात काय साठलंय ते बाजूला दिसतं. तिसरं, फोनवरचं पायड्रॉइड ३, जे नेटशिवाय पायथन चालवतं.

आठवीतल्यासाठी स्क्रॅच घ्यायचं होतं, ज्यात ठोकळे जोडून चित्रं हलवता येतात. त्याचं स्क्रॅच ३ ॲप विंडोज १० च्या खाली चालत नाही, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर जुनं १.४ टाकलं. त्यानं त्यातल्या मांजराला बैल केलं आणि तोरणाखालून पळवला. पोळा फुटला शेवटी, पडद्यावर का होईना.

१० सप्टेंबर

कुणीतरी पेनड्राइव्हमधून हिंदी पायथनची व्हिडिओ मालिका आणली. त्यातला पहिलाच प्रोग्राम चुकतो : 'मिसिंग पॅरेन्थेसिस इन कॉल टू प्रिंट', म्हणजे 'प्रिंट' या आज्ञेला कंस नाही. मालिका पायथन २ ची, जिचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. तेव्हा प्रिंटला कंस लागत नव्हता. मुलांना वाटलं आपणच चुकतो. दहावीतल्या एकीनं चार वेळा तेच टाइप केलं आणि रडवेली झाली. आता नियम : व्हिडिओ उघडला की आधी त्याचं वर्ष बघायचं, आणि प्रिंटला कंस नसेल तर पुसून टाकायचा.

२१ सप्टेंबर

आजचा दिवस मला फार आवडला. आठवीतल्यानं विचारलं, नावं इंग्रजीतच का द्यायची? मी म्हटलं, द्यावी लागतात. त्यानं ऐकलं नाही. 'कापूस = 12' असं लिहिलं आणि ते चाललं! पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे ज्यात आकडा साठवतो त्या जागेला, मराठी नाव देता येतं. मला हे माहीत नव्हतं, आणि मी बीसीए केलंय.

मग तासभर आम्ही त्याच्या मर्यादा शोधत बसलो. प्रोग्रामच्या ओळीत मराठी १२ लिहिलं की अडतं, 'चुकीचं अक्षर' म्हणतं. पण प्रोग्राम चालू झाल्यावर त्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून मराठी १२ टाइप केलं आणि 'इंट'मधून (टाइप केलेल्याचा पूर्णांक करणारी आज्ञा) काढलं, तर तो बिनबोभाट बारा समजतो. दहावीतलीनं 'वेचणाऱ्या' असं नाव दिलं तर चूक आली, माझ्या कॉम्प्युटरवर टाइप केलं तर तेच नाव चाललं. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. तिच्या कीबोर्डवर तो अर्धा र काढताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं, माझ्याकडे पूर्ण ऱ चा पाय मोडला जातो. पायथनला ते न दिसणारं चिन्ह चालत नाही. 'ऱ्य' असलेली नावं टाळायची असं ठरवलं आणि 'वेचणाऱ्या'चं 'बाई' केलं.

५ ऑक्टोबर

शिष्यवृत्ती शोधायची साधनं आज एकत्र बसून पाहिली. मायस्कीम ही केंद्राची साइट वय, उत्पन्न, प्रवर्ग, राज्य विचारते आणि योजनांची यादी काढते. यादी लांबलचक, पण नावं कळायला चांगली. अर्ज मात्र त्या त्या पोर्टलवर जाऊनच. राज्याच्या योजना महाडीबीटीवर : तिथे आधी प्रोफाइल पूर्ण भरायचं, मग तुम्ही कशात बसता ते तीच दाखवते. केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, एनएसपीवर. कंपन्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी बडी४स्टडी आणि विद्यासारथी पाहिल्या. तिथे आधी मुदत बघायची, मग वार्षिक गुणांची अट, मग बाकीचं. अशा एका खासगी साइटवर मी माझा नंबर दिला आणि आठवडाभर शैक्षणिक कर्जवाल्यांचे फोन घेतले. वेगळा ईमेल काढा आणि नंबर देताना जपून.

व्हॉट्सॲपवर 'मोफत लॅपटॉप'ची लिंक फिरतेय. बारावीवाल्याच्या बापानं ४९९ रुपये 'नोंदणी फी' भरली. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली, पैसे आले नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाला फी नसते, एवढं कागदावर लिहून दाराला चिकटवलं.

आता माझी चूक. या बारावीवाल्याला ७३ टक्के. त्यानं जूनमध्येच केंद्राच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीबद्दल विचारलं होतं : वर्षाला ८२,००० नवीन मुलांना मिळते, पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. मी अट वाचली, 'ऐंशी' दिसलं आणि सांगितलं, तुझे सात कमी पडतात, सोड. आज पुन्हा वाचलं. तिथे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. म्हणजे आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत, शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे असलं पाहिजे. त्याचे किती गुण होतात ते बोर्ड जाहीर करतं. तो बसतो. चार महिने मी त्याला अडवून ठेवलं होतं. माफी मागितली तर म्हणतो, "ताई, मले तं टक्के आन् पर्सेंटाइल एकच वाटत होतं." मलाही.

एनएसपीवर आता आधी एकदाच करायची नोंदणी आणि त्यासाठी फोनवर चेहऱ्याची ओळख लागते. पंचायतीच्या ट्यूबलाइटखाली सहा वेळा नापास झालो. सकाळी ओट्यावर उन्हाकडे तोंड करून उभा केला, पहिल्या झटक्यात पास.

२३ नोव्हेंबर

१५ ऑक्टोबरपासून आचारसंहिता, मग सोयाबीनची काढणी, दिवाळी, मतदान. मी याद्यांच्या कामावर, मुलं वावरात. पाचपैकी दोघं कधीमधी येत. सांगण्यासारखं काही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्यांना जून ते सप्टेंबर हेच चार महिने आहेत, नोव्हेंबरवर काही ठेवू नका.

१ डिसेंबर

कापूस वेचणी जोरात, किलोला १० रुपये. आठवीतल्याची आई वेचायला जाते. त्यानं पायथनमध्ये हिशेब लिहिला : बाईचं नाव, सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन, बेरीज, गुणिले दर. आईचं सकाळी १२, संध्याकाळी १५. प्रोग्रामनं सांगितलं, १२१५ किलो.

खोलीत हसून हसून पुरेवाट. "एवढा कापूस तं अख्ख्या गावात नाई निघत, तुयी माय का जिन आहे का बे?" पण त्याला कारण शोधायचं होतं, आणि थॉनी इथे कामाला आलं. ओळ ओळ चालवली तर १२ च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिसली. विचारलेलं उत्तर पायथन शब्द म्हणून घेतो, आणि शब्दांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. 'इंट' लावलं, २७ आले. दुसऱ्या दिवशी एकीनं साडेबारा किलो आणलं, तर इंट अडलं. मग 'फ्लोट', जे अपूर्णांकही घेतं. ॲपच्या पंचवीस धड्यांत हे प्रकार बहुधा असतील, पण आईच्या १२१५ किलोंनी जे शिकवलं ते तो विसरणार नाही.

१४ डिसेंबर

या वहीतली सगळ्यात महाग चूक, आणि माझीच.

इंजिनिअरिंगवालीला अमरावतीला प्रवेश मिळाला, फी-माफीचा अर्ज मंजूर झाला. हॉस्टेलला राहते, बाप अल्पभूधारक, प्रवर्ग खुला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल). म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतही ती बसायला हवी. पण महाडीबीटीवर ती योजना तिला दिसतच नाही. काल रात्री प्रोफाइल ओळीनं वाचलं. 'होस्टेलर की डे स्कॉलर' या प्रश्नासमोर मी जुलैमध्ये 'डे स्कॉलर' केलेलं. तेव्हा हॉस्टेल मिळालं नव्हतं, आणि नंतर बदलायचं राहून गेलं. आता कॉलेजनं अर्ज पुढे पाठवलाय, प्रोफाइल उघडत नाही. कॉलेजच्या क्लार्कना तीन फोन केले. ते चांगले बोलले, पण या वर्षी काही होणार नाही.

तिच्या आईला सांगायला घरी गेले. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटत राहिल्या. म्हणाल्या, "होते असं. पुढच्या साली भरून दे." मेसचे चार-पाच महिने निघाले असते त्यात.

तेव्हापासून फॉर्म 'सबमिट' करण्याआधी मी खुर्ची सोडते आणि मुलाला बसवून सगळं मोठ्यानं वाचायला लावते. फाइलींचं आकारमानही तेव्हाच बघते, महाडीबीटीला २५६ केबीच्या वर चालत नाही आणि फोनवरून काढलेला फोटो हमखास मोठा असतो. आणि अर्ज गेला की दर सोमवारी स्थिती बघते. कॉलेजनं अर्ज परत पाठवला तरी निरोप येईलच असं नाही, एकाचा ९ दिवस तसाच पडून होता.

२४ डिसेंबर

आठवीतल्यानं एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा दिली. दोन पेपर, ९०-९० प्रश्नांचे. लागली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, सातवीत ५५ टक्के लागतात. हा अर्ज शाळेतूनच भरला जातो, म्हणून कोणतंही पोर्टल धुंडाळण्यापेक्षा मुख्याध्यापकांच्या मागे लागणं जास्त कामाचं. मी तीनदा गेले. निवड झाली तरी नववीत एनएसपीवर नोंदणी करावी लागते.

११ जानेवारी २०२५

खर्च मोजला : सेल, एसएमपीएस, पेनड्राइव्ह, एक कीबोर्ड ३५० चा, झेरॉक्स आणि एसटी मिळून १,९०० च्या आसपास. ९०० पंचायतीनं दिले, बाकी माझे. लाइटबिलाबद्दल सरपंचांना काही सांगितलेलं नाही.

दहावीतल्या दोघींपैकी एकीचं लग्न ठरतंय असं कानावर आहे, ती यायची थांबली. मी घरी जाऊन आले, अजून एकदा जाईन. तिची शब्दांची वही दुसरी वापरतेय. ती फ्रीकोडकॅम्पवर मांजरांच्या पानापासून फॉर्मच्या पानापर्यंत आलीय, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असल्यानं मीच तिला थांबवलंय. बारावीवाल्याचा एनएसपीचा अर्ज कॉलेजनं तपासून पुढे पाठवला. त्याला केंद्राच्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) कोर्स हवाय. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर १,००० रुपये. बघू म्हणालाय, जिनिंगवर काम मिळालं तर.

आठवीतल्यानं वेचणीचा आठवडा पूर्ण नोंदवला आणि मुकादमाच्या वहीशी ताडून पाहिला. दर बाईमागे २५ ते ४० रुपयांचा फरक. आधी वाटलं पुन्हा कुठेतरी अवतरणचिन्ह राहिलं. दोन तास शोधलं, प्रोग्राममध्ये काही नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, मुकादम काट्यावरचा अर्धा किलो सोडून देतो, साडेबाराचे बारा लिहितो, दोन्ही वेळेला.

मला विचारत होता, "ताई, मी पण अर्धा सोडू का मोजू?" मी म्हटलं, आईला विचार. आज येऊन सांगितलं :

"माय म्हणे, मोज. पण मुकादमाले दाखवू नको."

फाइलला त्यानं पासवर्ड टाकायचाय. तो कसा टाकतात ते उद्या बघतो आम्ही.